बाटलीची अनामत आणि कचऱ्याचे अर्थकारण

जगात 2023 मध्ये सुमारे 210 कोटी टन नागरी घनकचरा निर्माण झाला. 2050 पर्यंत हे प्रमाण 380 कोटी टनांवर जाईल, असा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा अंदाज आहे. 2018 मध्ये चीनने परदेशी प्लास्टिक कचऱ्याला दारे बंद केली आणि आपला कचरा दुसऱ्याच्या अंगणात टाकण्याची श्रीमंत देशांची सोय आटली. त्यामुळे विल्हेवाटीपेक्षा वस्तू पुन्हा वापरात आणण्यावर, म्हणजेच चक्रीय अर्थव्यवस्थेवर, भर वाढला आहे.

या प्रवाहातील सर्वांत परिणामकारक साधन आपल्याला अपरिचित नाही. शीतपेयाची काचेची बाटली परत केल्यावर दुकानदार अनामत परत देत असे. जर्मनीने 2003 मध्ये हेच तत्त्व एकदाच वापरायच्या बाटल्या-डब्यांना लावले. 25 सेंटची अनामत आणि मोठ्या विक्रेत्यांवर बाटली परत घेण्याचे बंधन, एवढी ती साधी व्यवस्था आहे. लिथुआनियाने 2016 मध्ये ती स्वीकारली आणि दोन वर्षांत दहापैकी नऊ बाटल्या परत येऊ लागल्या.

गोव्यानेही 2024 मध्ये अविघटनशील कचऱ्यासाठी ठेव-परतावा योजना अधिसूचित केली. साळगावचा प्रकल्प 2016 पासून कचऱ्यावर प्रक्रिया करीत आहे. परंतु प्रकल्प आलेल्या कचऱ्याचे काय करायचे ते ठरवतो, कचरा तेथवर पोहोचेल याची हमी देत नाही. किनाऱ्यावर फुटलेली बाटली कोणत्याही यंत्रापर्यंत जात नाही. 2019 मध्ये सोनसोडोला लागलेल्या आगीने साठलेल्या कचऱ्याची किंमत मडगावकरांना दाखवून दिली आहे. ठेवीमुळे फेकणाऱ्याचे नुकसान आणि वेचणाऱ्याचा लाभ होतो, हे तिचे खरे बळ.

मात्र अनामत परत मिळणे अवघड झाले, तर ती ग्राहकाला छुपा करच वाटेल. परतीची केंद्रे गावोगावी नसतील, तर दोन दिवसांसाठी आलेला पर्यटक बाटली घेऊन कुठे जाणार? लहान गाडेवाल्याला साठवणुकीचा मोबदला मिळाला पाहिजे. आज भंगार वेचून पोट भरणाऱ्यांना या व्यवस्थेत अधिकृत स्थान नसेल, तर त्यांच्याच हातचा माल हिरावला जाईल. न परतलेल्या ठेवींची रक्कम कोणाकडे जाते आणि कशावर खर्च होते, याचा वार्षिक हिशेब सरकारने जनतेसमोर मांडावा. योजनेवरील विश्वास त्यावरच ठरेल.