जे पाणी पिणार नाही, ते श्वासात का घ्यावे?

गेल्या हिवाळ्यात हुडकेश्वरमधील एक तरुण आई आपल्या चार वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्या दवाखान्यात आली. पंधरा दिवसांपासून रात्रीचा खोकला हटत नव्हता. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. "डॉक्टरसाहेब, खोलीत रात्रभर वाफेची मशीन लावते, पाण्यात निलगिरीचं तेलही टाकते, तरी उतार नाही," ती म्हणाली. मी ती मशीन, म्हणजे ह्युमिडिफायर, मागवून घेतला. टाकीत बोट फिरवले, तर बुळबुळीत थर हाताला लागला. मशीन बंद करायला सांगितली, दम्याचे औषध सुरू केले. आठवडाभरात मूल शांत झोपू लागले. खोकला मशीननेच झाला असे मी म्हणणार नाही; पण तिने तो बरा होत नव्हता, हे निश्चित.

हवा ओलसर करणे आम्हा नागपूरकरांना नवे नाही. कूलरशिवाय आपला उन्हाळा निघत नाही. परंतु कूलरच्या ताट्यांतून प्रामुख्याने पाण्याची वाफ येते, तर हल्ली मिळणारे अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायर पाण्याचेच बारीक कण हवेत उडवतात. त्या पाण्यातील जंतू आणि क्षारही त्यांच्याबरोबर श्वासात जातात. बोअरच्या जड पाण्याने कपाटावर पांढरी भुकटी साचते, ती याच क्षारांची. पाणी उकळल्याने जंतू मरतात, क्षार जात नाहीत. म्हणून डिस्टिल्ड, ते नसल्यास आरओचे पाणी वापरावे. टाकी रोज रिकामी करून धुवावी व कोरडी करावी. दर तीन दिवसांनी व्हिनेगरने घासून स्वच्छ पाण्याने खळबळून घ्यावी.

पाण्यात जंतुनाशक टाकण्याची हुशारी मात्र करू नये. दक्षिण कोरियात ह्युमिडिफायरच्या पाण्यात टाकण्याची जंतुनाशके 1994 पासून विकली जात होती. त्यांमुळे फुप्फुसे निकामी होऊन माणसे, त्यांत लहान मुले आणि गरोदर स्त्रियाही, दगावत आहेत, हे 2011 साली उघडकीस आले. पृष्ठभाग पुसण्याचे औषध श्वासाचे औषध नसते.

सुगंधी तेलांबाबतही आपला एक गैरसमज आहे. झाडापासून निघाले, म्हणजे निरुपद्रवी! दम्याच्या रुग्णाला अशा वासाने धाप लागू शकते. कापूर किंवा निलगिरीचे तेल मुलाने थोडेसे जरी प्यायले, तरी झटके येऊ शकतात. बाटली कुलपात ठेवावी. ह्युमिडिफायरच्या टाकीत तेल घालू नये. डिफ्यूजर लावायचाच असेल, तर खिडकी उघडी ठेवून अर्धा तास पुरे. तान्ह्या बाळाच्या व दमेकऱ्याच्या खोलीत तो नकोच.

आता कूलरविषयी. डेंग्यूचा डास पाण्याच्या पातळीच्या वर, टाकीच्या भिंतीला अंडी चिकटवतो. ती कोरडी पडूनही महिनोन्महिने टिकतात. त्यामुळे नुसते पाणी बदलून भागत नाही. आठवड्यातून एक वार ठरवून टाकी रिकामी करावी, कडा ब्रशने घासाव्यात आणि ती वाळवावी. पाणी भरण्यापूर्वी बटण बंद करून पिन काढावी आणि अर्थिंग तपासून घ्यावे. विदर्भात कूलरचा शॉक लागून दरवर्षी जीव जातात. ओल्या हाताने, अनवाणी कूलरजवळ जाऊ नये.

शेवटी माझे स्पष्ट मत. नागपूरच्या पावसाळ्यात ह्युमिडिफायरची गरजच नसते. भिंतीला ओल व बुरशी तेवढी वाढते. हिवाळ्यात घसा कोरडा पडत असेल, तर तो थोडा वेळ लावायला हरकत नाही. पण जो रोज टाकी धुणार नाही, त्याने तो विकत घेऊ नये. आणि मुलाच्या बरगड्या श्वासागणिक आत ओढल्या जात असतील, त्याला धाप लागली असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर वाफेची वाट पाहू नका. तडक डॉक्टरांकडे न्या, रात्र असली तरी.