विसर पडतो, तो कुणाच्या चुकीने?

काशीमीऱ्याहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. सासूबाई चहा पिऊनही "मला कुणी चहा दिला नाही" म्हणतात, नाक्यावर भाजीला गेल्या की घरची वाट चुकतात. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया, असं निदान केलं आहे. आता नणंदबाई म्हणतात, "आईला घरात बसवून ठेवलंत, म्हणून हे झालं." राहणीचा खरंच इतका परिणाम होतो का आणि माझं चुकलं का, असं या भगिनी विचारतात.

ताई, पहिल्याचं उत्तर 'हो', दुसऱ्याचं 'नाही'.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ मंडळाने २०२४ साली १४ कारणं सांगितली. ती सगळी दूर करता आली, तर जगातल्या सुमारे ४५ टक्के रुग्णांचा आजार टळेल किंवा लांबेल, असा त्यांचा अंदाज आहे. म्हणजे नेमाने वागणाऱ्यालाही तो होऊ शकतो. वय आणि आनुवंशिकता कुणाला चुकली आहे?

यादीत रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, धूम्रपान, दारू, बैठी राहणी, डोक्याला मार, नैराश्य, एकटेपणा, कमी ऐकू येणं, कमी दिसणं हे तर आहेच. पण लहानपणी सुटलेलं शिक्षण आणि प्रदूषित हवाही आहे. सासूबाईंच्या पिढीत मुलींची शाळा सुटायची, ती काही त्यांच्या मर्जीने नव्हे! आणि हमरस्त्यावरच्या ट्रकांचा धूर तुम्ही पदराने थोडाच अडवणार? शिवाय मेंदूतले बदल लक्षणं दिसण्याच्या कितीतरी वर्षं आधी सुरू होतात. तेव्हा सुनेच्या माथी दोष नको.

मात्र पुढचं आपल्या हाती आहे. चाळिशी उलटली की रक्तदाब, साखर तपासून घ्यावी. रोज अर्धा तास चालावं, भजनी मंडळ नि शेजारणीशी गप्पा सोडू नयेत. बदाम आणि शब्दकोडी चांगलीच, पण त्यांच्या भरवशावर रक्तदाबाची गोळी चुकवू नये. घरातल्या वडीलधाऱ्यांचे कान आणि मोतीबिंदू 'वयच झालं' म्हणून सोडून देऊ नका. नवा विसराळूपणा दिसला, तर थायरॉईड आणि बी-१२ची तपासणी करायला सांगा. तसं काही निघालं तर औषध असतं. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही सरकारी मदतवाहिनीही आहे.

आणि ताई, नणंदबाईंना म्हणावं, दोष राहू द्या, आठवड्यातली एक दुपार आईपाशी बसा. त्या दुपारी तुम्ही स्वतःचा रक्तदाब मोजून या. पत्रात सासूबाईंच्या सगळ्या गोळ्यांची नावं आहेत. तुमच्या तब्येतीचा एक शब्दही नाही!