पहिले कनेक्शन कुडाळ ते सहार

युरोपच्या सहलीचे कोटेशन करताना आपले सगळे लक्ष दोहा, दुबई, फ्रँकफर्ट इथल्या थांब्यांवर असते. दोन तास पुरतील का, सामान पुढे लागेल का, टर्मिनल बदलावे लागेल का, हे आपण बारकाईने पाहतो. पण मालवण, कुडाळ, कणकवली, सावंतवाडीतून निघणाऱ्या माणसाचा प्रवास मुंबईत सुरू होत नाही. त्याचे पहिले कनेक्शन घराच्या पडवीपासून सहारच्या टर्मिनल २ पर्यंतचे असते. आपल्या कोटेशनात त्याच्या वाट्याला तळाशी एकच ओळ येते: ग्राहकाने स्वतःच्या जबाबदारीवर मुंबईस पोचावे. सिंधुदुर्गात सहलींचा व्यवसाय करणाऱ्या कुणीही ही ओळ लिहू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मुंबईहून युरोपकडे आणि आखाताकडे जाणारी बरीच विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. कणकवलीला थांबणारी वंदे भारत रात्री मुंबईत पोचते. कागदावर हे जुळलेले दिसते आणि एका रात्रीच्या हॉटेलचा खर्च वाचतो, म्हणून ग्राहकालाही आवडते. पण युरोपचा उन्हाळा म्हणजे आपला पावसाळा. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक २०२५ मध्ये १५ जून ते २० ऑक्टोबर असे होते, आणि त्या काळात गाड्यांचा वेग मुद्दामच कमी ठेवलेला असतो. जुलै २०२४ आठवा. ९ तारखेला पेडण्याच्या बोगद्यात पाणी आणि चिखल शिरला, गाड्या वळवाव्या लागल्या. लगेच १४ तारखेला खेडजवळ दिवाणखवटी इथे दरड कोसळली आणि मार्ग जवळपास दिवसभर बंद राहिला. त्या दिवशी रात्रीचे विमान असलेला माणूस रत्नागिरीच्या फलाटावर बसून काय करणार होता? रस्त्याचा पर्यायही भरवशाचा नाही, हे महामार्गाच्या कामाची इतकी वर्षे वाट पाहिलेल्यांना वेगळे सांगायला नको.

आणि हे विमान चुकले तर नुकसान एका विमानापुरते राहत नाही. पहिल्या टप्प्याला प्रवासी हजर नसला की बहुतेक कंपन्या त्या तिकिटावरचे पुढचे सगळे टप्पे रद्द करतात, परतीचा प्रवाससुद्धा. गाडी उशिरा आली, हे कारण विमान कंपनीला लागू होत नाही, कारण रेल्वेचे तिकीट तिच्या करारात नाही. चार माणसांच्या कुटुंबाला ऐन हंगामात त्याच दिवशी नवी तिकिटे काढावी लागली, तर वर्षानुवर्षे साठवलेला पैसा एका रात्रीत जातो. विम्याचे कागद नीट वाचा. शेंगेन व्हिसासाठी ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण सक्तीचे आहे, म्हणून आपण पॉलिसी काढतो. पण चुकलेल्या कनेक्शनचे कलम वेगळे असते आणि त्यातल्या अटी पॉलिसीगणिक बदलतात.

आणखी एक अडचण अलीकडची आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते. विमानाची तिकिटे आपण चार-सहा महिने आधी काढतो. म्हणजे विमान विकताना मुंबईपर्यंतची गाडी हातात नसतेच. त्यात मे महिन्याच्या शेवटी किंवा गणपतीनंतर निघायचे असेल, तर परतणाऱ्या चाकरमान्यांच्या गर्दीतून जागा मिळवायची आहे. तेव्हा विमानाची तारीख ठरवतानाच आदल्या दिवशी मुंबईत पोचायचे असे धरा, आणि त्या मुक्कामाचे पैसे कोटेशनात उघड लिहा.

दुसरा रस्ता गोव्यातल्या मोपाचा. तिथल्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून जानेवारी २०२३ मध्ये वाहतूक सुरू झाली आणि बांदा-सावंतवाडीच्या माणसाला विमानतळ दाराशी आला. २० जून २०२४ पासून कतार एअरवेजही दाबोळी सोडून मोपावर आली. दोहामार्गे एका तिकिटावर युरोप, मुंबईला पाय न लावता, ही आपल्या जिल्ह्यासाठी फार मोठी सोय आहे. मोपा ते मुंबई आणि पुढे युरोप असे एकाच पीएनआरवर काढले तरी हाच फायदा: पहिले विमान उशिरा आले तर पुढची व्यवस्था करणे कंपनीकडे येते. मुंबईची स्वस्त देशांतर्गत फेरी वेगळ्या तिकिटावर काढली, तर ते संरक्षण गेले. वर टर्मिनल १ ला उतरून सामान घ्या, रस्त्याने टर्मिनल २ गाठा, पुन्हा चेक-इनच्या रांगेत उभे राहा. सामानाच्या वजनाच्या मर्यादाही दोन तिकिटांवर दोन असतात. आंतरराष्ट्रीय तिकिटाच्या मापाने भरलेल्या बॅगेचे जादा पैसे देशांतर्गत काउंटरवर भरावे लागतात.

मोपाचे तिकीट काढताना कोड दोनदा वाचा. जीओएक्स म्हणजे मोपा, जीओआय म्हणजे दाबोळी. शोधयादीत दोन्ही गोवा म्हणूनच दिसतात. जाताना मोपा आणि येताना दाबोळी असे तिकीट निघाले, तर गाडी पेडण्यात आणि माणसे वास्कोत.

आपल्या चिपी विमानतळाबद्दल लिहिताना वाईट वाटते. ९ ऑक्टोबर २०२१ ला मोठ्या आशेने तो सुरू झाला, पण मुंबईची सेवा अखंड टिकली नाही. तिथून लहान विमाने उडतात ती स्थानिक प्रवासासाठी वापरावीत. युरोपचे कनेक्शन त्यांच्यावर टांगू नये. नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून चालू झाला आहे. पनवेलला उतरणाऱ्याला तो सोयीचा आहे. मात्र आता तिकिटावर नुसते मुंबई पाहून चालणार नाही, कारण नवी मुंबईला उतरून सहारहून उडायचे म्हणजे मध्ये पुन्हा शहराचा रस्ता.

आता युरोपातला थांबा. विमानतळ जे किमान कनेक्शन देतात, व्हिएन्ना २५ मिनिटे, झ्युरिक ४०, फ्रँकफर्ट ४५, ते विकता येते म्हणून विकू नका. शेंगेन देशांत इमिग्रेशन पहिल्या विमानतळावर होते. फ्रँकफर्टमार्गे रोमला जाणाऱ्याचा पासपोर्ट फ्रँकफर्टलाच पाहिला जातो, रोमला नाही. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन देशांत शिक्क्यांच्या जागी नोंदीची नवी संगणकीय पद्धत टप्प्याटप्प्याने आली आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याची नोंद करायला वेळ लागतो, रांगा लांबतात. आमच्या मते शेंगेनच्या पहिल्या विमानतळावर तीन तासांहून कमी थांबा ठेवूच नये, आणि सोबत वयस्क असतील तर चार. त्याबद्दल ग्राहक कुरकुर करील. करू द्या.

लंडनचा फेरा घालणाऱ्यांकडे विशेष लक्ष द्या. मुलगी तिकडे आहे, जाताजाता भेटून येऊ, ही इच्छा अगदी स्वाभाविक. पण शेंगेनचा पर्यटक व्हिसा ब्रिटनमध्ये चालत नाही, आणि हिथ्रोवर नुसते विमान बदलायलाही आपल्या बहुतेक पासपोर्टधारकांना वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागतो. पॅरिसहून लंडनला जाऊन पुन्हा ॲमस्टरडॅमला यायचे असेल, तर शेंगेनचा एकदाच प्रवेशाचा व्हिसा लंडनला निघताच संपला. कार्यक्रम ठरवायच्या आधी व्हिसा कितीदा प्रवेशाचा, हे पाहा.

थांबा कोणत्या शहरात, यातही जोखीम आहे. १६ एप्रिल २०२४ ला दुबई पावसाने बुडाली, २३ जून २०२५ ला कतारचे आकाश काही तास बंद झाले. अशा रात्री एका तिकिटावरच्या प्रवाशाला कंपनी दुसरे विमान देते. दोन तिकिटे जोडून निघालेला माणूस तिथेच एकटा पडतो. परतीला तर युरोपचा कायदाही पाठीशी असतो. तिथून निघणारे तिकीट एक असेल आणि कंपनीच्या दोषाने दोहाचे पुढचे विमान चुकून तीन तासांहून जास्त उशीर झाला, तर ३५०० किलोमीटरवरच्या प्रवासाला ६०० युरोपर्यंत भरपाई मागता येते. हे आपल्या ग्राहकांना कोण सांगणार, आपण नाही तर?

सामानाविषयी थोडक्यात. सुके बांगडे, सुकट २० किलोपर्यंत युरोपात नेता येतात. पेढे, खरवस आणि मटणाचे पदार्थ नाही. प्रमाणपत्राशिवाय हापूसही नाही. सुके खोबरे तर इथेच विमानात चढू देत नाहीत.

आपल्या ग्राहकांत पहिल्यांदाच परदेशी जाणारे खूप असतात. मुलाकडे म्युनिकला निघालेली साठी ओलांडलेली आई दोहात एकटीच विमान बदलणार असते. तिच्या तिकिटावर व्हीलचेअरची नोंद ४८ तास आधी करून ठेवा, त्याचे पैसे पडत नाहीत. आणि तिच्या हातात मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहिलेले एक पान द्या: कुठे उतरायचे, फलकावर कोणता क्रमांक शोधायचा, बॅग घ्यायची की नाही, कोणाला काय दाखवायचे. परतताना मुंबईत सामान पट्ट्यावरून घेऊन कस्टममधून न्यावे लागते, मोपाचे पुढचे विमान असले तरी, हेही त्यात असू द्या. आपल्या कुठल्याच संगणकप्रणालीतून हे पान निघत नाही. ते आपल्याला बसून लिहावे लागेल, आणि त्याचे सेवाशुल्क घ्यायला संकोच करू नये. मोबाइलवर आठ हजारांनी स्वस्त तिकीट दाखवणाऱ्या ग्राहकाशी बोलताना हे पान, आदल्या रात्रीचा मुक्काम आणि एकच पीएनआर, या तीन गोष्टी त्याच्यासमोर कागदावर किमतीसह मांडा.