पेला केवढा?

परीक्षकाची खोड मोठी वाईट. समोर छापील कागद आला की हात आपोआप लाल पेन्सिलीकडे जातो. लग्नपत्रिका असो, औषधाची चिठ्ठी असो, आम्ही मराठीचे मास्तर आधी गुण द्यायला बसतो. या खोडीपायीच, आयुष्यात दारूच्या थेंबाला न शिवलेल्या माझ्यावर एकदा वाइनची यादी तपासण्याचा प्रसंग आला.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत भाच्याच्या आग्रहावरून अमेरिकेस जाणे घडले. रिठदच्या शाळेत शिकलेले हे पोर आता न्यू जर्सीत नोकरीला आहे. एका शनिवारी तो मला जेवायला घेऊन गेला. हॉटेल काही बड्या थाटाचे नव्हते. पोरेबाळे घेऊन, साध्या कपड्यांत जावे आणि पोटभर खाऊन यावे असे, गावोगावी शाखा असलेले. जेवणाच्या यादीसोबत वाढणाऱ्या मुलीने दुसरी एक यादी पुढे ठेवली. ती वाइनची.

वाचकहो, खरे सांगतो, माझ्या पोटात गोळा उठला. कारण या पोराचे वडील, म्हणजे आमचे दाजी, हातभट्टीपायी गेले. आधी तीन एकर वावर गेले, मग माणूस गेला. आमच्या घरात 'दारू' हा एकच शब्द आहे. त्याला पोटभेद नाहीत. भाचा मात्र शांतपणे यादी चाळीत होता. नजर कुठे लपवावी हे न कळून मीही ती वाचू लागलो.

प्रथम गुणांचे सांगतो. यादी सोपी होती. गोड वाइन आधी, मग हलकी पांढरी, शेवटी गडद तांबडी. नवख्याला लाज वाटू नये अशी ही मांडणी. चांगल्या क्रमिक पुस्तकात सोपे धडे आधी असतात तशी. द्राक्षाच्या जातीचे नाव प्रत्येक ओळीत होते. तिकडे कायदाच असा आहे की, बाटलीवर एका जातीचे नाव घालायचे तर निदान पाऊण हिस्सा द्राक्षे त्या जातीची हवीत. काही नावे मला ऐकून ठाऊक होती. अमेरिकेतली नोकरी सोडून आलेल्या राजीव सामंतांनी नाशिकजवळ द्राक्षे लावली आणि २००० साली त्यांची पहिली वाइन बाजारात आली. तेव्हापासून 'सोव्हिन्याँ ब्लाँ' हे नाव आपल्याही वर्तमानपत्रांत येऊ लागले.

यादीच्या आरंभी एक गुलाबी, गोडसर 'व्हाइट झिनफँडल' होती. तिचा जन्म चुकीतून झालेला. १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या सटर होम या कारखान्यात एका पिंपाचे आंबणे मध्येच थांबले, साखर तशीच राहिली, आणि लोकांना नेमकी तीच चव आवडली. बिघडलेल्या पाकाची नवी मिठाई व्हावी तसे झाले.

आता दोष. वर्णने पाहिली तर प्रत्येक वाइन 'मुलायम' आणि 'फळांच्या गंधाची'. आमच्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत प्रत्येक कवी 'निसर्गप्रेमी' असतो, त्यातलाच प्रकार. कोणत्या सालची द्राक्षे, याचा पत्ता नाही.

पण खरी मेख भावात होती. लहान पेला सहा औंसांचा, नऊ डॉलर. मोठा पेला नऊ औंसांचा, बारा डॉलर. मुलगी हसून म्हणाली, "तीनच डॉलर जास्त!" हिशेब खोटा नव्हता, औंसामागे दीड डॉलरचा भाव एक डॉलर तेहतीस सेंटांवर येत होता. पण तिकडचे सरकार पाच औंस वाइन म्हणजे एक माप धरते. म्हणजे नऊ औंस हे जवळजवळ दोन मापे झाली, आणि पिणारा मात्र म्हणणार, "एकच पेला घेतला!"

गंमत पुढेच आहे. वीस किंवा अधिक शाखा असलेल्या हॉटेलांना २०१८ पासून यादीत कॅलरी छापाव्या लागतात. त्या प्रत्येक वाइनपुढे होत्या. मद्यार्क शेकडा किती, हे मात्र एकाही ओळीत नव्हते. अंगावर चरबी किती चढेल ते सांगितले. डोक्यात काय चढेल ते नाही. माझी आजी अशक्तपणावर चमचाभर द्राक्षासव घेई. ते आंबूनच होते, आणि त्याच्या बाटलीवरसुद्धा मद्यार्काचे प्रमाण छापलेले असते. वैद्याची बाटली जे सांगते, ते हॉटेलाच्या यादीने का सांगू नये?

शंभरपैकी पंचेचाळीस गुण देऊन मी यादी मिटली.

भाच्याने लहान पेला मागवला. मुलीने पुन्हा मोठ्याचे सुचवले. तो म्हणाला, "नको, लहानच." मग माझ्याकडे न पाहता मराठीत म्हणाला, "मामा, बाबांना कुणी मापानं दिलीच नव्हती." तो एक पेला त्याने जेवण संपेपर्यंत पुरवला आणि दुसरा मागवला नाही. मी पाणी प्यालो. दोघेही फारसे बोललो नाही.

रिठदला परतलो त्या रात्री ताईने ओसरीवर हळूच विचारले, "पोरगा घेतो का रे?"

खोटे बोलणे सोपे होते. पण म्हणालो, "कधीमधी घेतो. एक पेला."

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पेला केवढा?"

एवढ्या मोठ्या हॉटेलाने शिताफीने झाकलेला प्रश्न माझ्या न शिकलेल्या बहिणीने पहिल्याच फटक्यात विचारला. मी आत गेलो, स्टीलच्या पेल्यात अदमासे सहा औंस पाणी ओतले आणि तिच्यापुढे ठेवले. तिने पेला कंदिलाजवळ धरून आत पाहिले, बोट लावून पाण्याची पातळी पाहिली, आणि पाणी तुळशीला घालून आत गेली.