तेच आसन, पुन्हा पुन्हा

योगवर्गाला वर्ष-दीड वर्ष नेमाने जाणाऱ्याला एक प्रश्न हमखास पडतो: आता पुढे काय? सूर्यनमस्कार जमू लागलेले असतात, ताडासन, त्रिकोणासन, भुजंगासन, पश्चिमोत्तानासन ही नावे पाठ झालेली असतात आणि शवासनात डोळाही लागू लागलेला असतो. तेच ते करण्याचा कंटाळा येऊ लागतो. मग काही जण मोबाइलवर पाहिलेल्या शीर्षासनाच्या किंवा मयूरासनाच्या मागे लागतात आणि मान नाहीतर मनगट दुखावून घेतात. काही जण हळूहळू वर्गाला येणेच थांबवतात. दोघांच्याही मनात एकच समजूत असते, की सराव वाढवायचा म्हणजे अधिक अवघड आसन करायचे. ही समजूत तपासून पाहायला हवी. पारंपरिक योगसंस्थांची रीत नेमकी तिच्या उलट आहे आणि शरीरशास्त्राचा कौलही त्या रीतीच्या बाजूने पडतो.

ही रीत बऱ्याच अंशी महाराष्ट्रात घडली. श्री योगेंद्र यांनी १९१८ मध्ये मुंबईत योगसंस्था सुरू केली. तीच आज सांताक्रूझला आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढून योगक्रियांचे मोजमाप छापायला सुरुवात केली. नौली करताना पोटातील दाब किती बदलतो, हे त्यांनी उपकरण लावून पाहिले. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात शिकवायला आले आणि १९७५ मध्ये मॉडेल कॉलनीत त्यांची संस्था उभी राहिली. तिघांच्या पद्धती वेगळ्या. पण योग संसारी माणसाला शिकवता येतो आणि शिकणाऱ्याने तो घरी नेला पाहिजे, ही धारणा तिघांत समान होती.

असा वर्ग प्रत्यक्षात काय करतो, हे साध्या त्रिकोणासनात दिसते. पाय फाकवून बाजूला वाकायचे आणि हात पावलाजवळ न्यायचा, इतकेच ते वरवर वाटते. बहुतेकांचे सारे लक्ष हात जमिनीला टेकवण्याकडे असते. त्या नादात मागच्या पावलाची बाहेरची कड उचलली जाते, पुढचा गुडघा मागे ढकलला जातो आणि छाती समोर उघडण्याऐवजी जमिनीकडे झुकते. करणाऱ्याला यातले काहीच जाणवत नाही. हात टेकला म्हणजे आसन झाले, असे त्याला वाटते. जाणता शिक्षक अशा वेळी हाताखाली लाकडी वीट ठेवतो, मागची टाच दाबायला सांगतो आणि तेच आसन पुन्हा करून घेतो. हात वीतभर वर आलेला असतो, पण पाठ लांब होते, श्वास मोकळा होतो. बाहेरून पाहणाऱ्याला ही पीछेहाट वाटेल. प्रत्यक्षात सराव खोल जाण्याची सुरुवात तिथेच होते.

विटा, पट्टे, दोर, खुर्च्या, लोड आणि घडी घातलेली ब्लँकेटे ही अय्यंगारांच्या वर्गाची ओळख. तरुण, लवचिक शरीरांना त्यांची गरज कमी. ज्यांचे शरीर अडते, अशा माणसाला आसनात सुरक्षितपणे थांबता यावे, म्हणून ही साधने आली. स्वतः अय्यंगारांचे बालपण क्षय आणि हिवतापासारख्या आजारांत गेले होते, हे यासंदर्भात लक्षात घेण्यासारखे आहे. आधार घेणे हे नवशिक्याचे लक्षण आहे, असे समजून वीट दूर सारणारे विद्यार्थी आजही दिसतात. दहा-दहा वर्षे सराव केलेला माणूस मात्र ती निःसंकोच मागून घेतो.

यामागचे शरीरशास्त्र सोपे आहे. स्नायूत ताण ओळखणाऱ्या सूक्ष्म रचना असतात. झटक्याने ताण दिला, की मेंदूला कळण्याआधीच मज्जारज्जूकडून स्नायूला आकसण्याचा आदेश जातो. सावकाश ताण देऊन थांबले, तर हा विरोध ओसरतो. सुरुवातीच्या महिन्यांत जी लवचिकता वाढते, तीही बरीचशी मज्जासंस्थेने ताण सोसायला शिकल्यामुळे असते. स्नायू लांब झाल्यामुळे नव्हे. शिवाय स्नायू त्या मानाने लवकर बळावतात, तर त्यांना हाडाशी जोडणाऱ्या कंडरांना जास्त वेळ लागतो. दर आठवड्याला नवे, अवघड आसन करणारा माणूस याच तफावतीत सापडतो. पुढे वाकण्याच्या आसनांचा अतिरेक करणाऱ्यांना बैठकीच्या हाडाशी जे चिवट दुखणे लागते, ते कंडरेचे असते आणि महिनोन्महिने जात नाही.

दुसरा भाग शरीराच्या जाणिवेचा. डोळे मिटले तरी हात-पाय कुठे आहेत हे कळते, कारण सांधे आणि स्नायूंकडून मेंदूला सतत संदेश जात असतात. पण वर्षानुवर्षे खुर्चीत वाकून बसणाऱ्याच्या मेंदूतला हा नकाशा चुकलेला असतो. त्याला सरळ वाटणारी पाठ सरळ नसते. आरशात फक्त समोरची बाजू दिसते आणि मोबाइलवरील शिक्षक समोरच्याची पाठ पाहू शकत नाही. नकाशा दुरुस्त व्हायचा तर बाहेरून कोणी तरी चूक दाखवावी लागते आणि दुरुस्त हालचाल असंख्य वेळा करावी लागते. तोच तोचपणा इथे औषधासारखा काम करतो.

श्वासाच्या बाबतीतही हेच. प्राणायामाने रक्तातील प्राणवायू खूप वाढतो, असे सर्रास सांगितले जाते. निरोगी माणसाचे रक्त साधा श्वास घेतानाही प्राणवायूने जवळजवळ पूर्ण भरलेले असते. त्यात वाढायला फारशी जागाच नसते. लाभ असतो तो दीर्घ, संथ उच्छ्वासाचा. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते आणि विश्रांतीकडे नेणारी मज्जासंस्था पुढे येते. हे जोर लावून साधत नाही. त्यासाठी चेहरा, जबडा, खांदे सैल सोडायला शिकावे लागते आणि ते शिकण्यातच वर्षे जातात.

संशोधनाचे निष्कर्षही अतिशयोक्तीला जागा देत नाहीत. जुनाट पाठदुखीच्या २२८ रुग्णांवरील अमेरिकेतील अभ्यासात (२०११) योगवर्गाचा फायदा पुस्तक वाचून स्वतः काळजी घेण्यापेक्षा जास्त आढळला, पण ताणाच्या साध्या व्यायामवर्गापेक्षा जास्त आढळला नाही. बोस्टनमधील ३२० जणांच्या अभ्यासात (२०१७) योगवर्ग फिजिओथेरपीच्या तोडीचा ठरला. त्यातली एक बाब विशेष महत्त्वाची आहे. बारा आठवड्यांच्या वर्गानंतर काही जणांना वर्गात येत राहण्याची मुभा दिली, तर काहींना घरीच सराव करायला सांगितले. वर्षअखेरीस दोन्ही गटांचा लाभ टिकून होता आणि त्यांच्यात फरक नव्हता. नीट शिकवले असेल, तर सराव घरी टिकतो.

म्हणूनच योगसंस्था पारखण्याची कसोटी बदलायला हवी. वर्गात येण्याआधी शिक्षक रक्तदाब, काचबिंदू, मणक्यांचे आजार, ठिसूळ हाडे, गर्भारपण यांची चौकशी करतो का? शीर्षासनात डोळ्यांतील दाब जवळजवळ दुप्पट होतो, हे मोजून पाहिलेले आहे; काचबिंदू असलेल्याला ते करायला लावणे हा गुन्हाच म्हणावा. ठिसूळ हाडांच्या वृद्धेला पाठ गोल करून पुढे वाकवले, तर मणका दबून मोडू शकतो. वर्गात एवढी गर्दी असेल की शिक्षकाला शेवटच्या रांगेतील गुडघे दिसतच नाहीत, तर फी कितीही कमी असली तरी तो सौदा महागात पडतो. ‘होत नाही’ म्हणणाऱ्याला पर्याय मिळतो की टोमणा, हेही पाहावे.

योग शिकवायला आपल्याकडे परवाना लागत नाही. आयुष मंत्रालयाच्या प्रमाणीकरण मंडळाची परीक्षा आहे, पण ती ऐच्छिक. दोनशे तासांचा अभ्यासक्रम महिनाभरात उरकून लोक शिक्षक होतात. दोनशे तास म्हणजे रोज एक तास धरला तर सात महिन्यांचाही सराव नव्हे. एवढ्या शिदोरीवर दुसऱ्याच्या मानेची जबाबदारी घेणे कितपत योग्य, याचा विचार संस्थांनीच करायला हवा. जुन्या संस्थांमध्ये नवा शिक्षक अनेक वर्षे ज्येष्ठांच्या हाताखाली मदतनीस म्हणून उभा राहतो, त्यामागे हेच शहाणपण आहे.

विद्यार्थ्याच्या बाजूने काम थोडे आहे, पण ते रोजचे आहे. वर्गात सांगितलेली एकच दुरुस्ती लिहून ठेवावी आणि आठवडाभर घरी वीस मिनिटे तेवढीच तपासावी. पाच आसने, पाच मिनिटे शवासन, इतके पुरते. स्नायू ओढल्यासारखे वाटणे ठीक. सांध्यात टोचले, मुंग्या आल्या किंवा श्वास अडखळला, तर मागे फिरावे. पुढच्या वर्गात प्रश्न घेऊन जावे. पतंजलींनीही सराव पक्का होण्यासाठी दीर्घ काळ, खंड न पाडणे आणि आदरभाव एवढेच मागितले आहे. त्यांच्या सूत्रांत आसनाविषयी अवघी तीन सूत्रे आहेत आणि अवघड आसनांची यादी कुठेच नाही.

२१ जूनला मैदानावर हजारो लोक एकत्र येतात, हे चांगलेच आहे. त्यातून ओढ निर्माण होते. पण वर्ग बंद असलेल्या दिवशी, कोणी पाहत नसताना, घरातल्या सतरंजीवर मागची टाच आठवणीने दाबली जाते का, यावरून संस्थेने काय शिकवले ते कळेल. ‘आता पुढे काय’ या प्रश्नाचे उत्तर पारंपरिक वर्गात बहुधा ‘कालचेच त्रिकोणासन’ असेच मिळते. ते ऐकून निराश होण्याचे कारण नाही.