गरजेपेक्षा जास्त उजेड विकणे हेही मापात पापच

मीरा रोड-भाईंदर परिसरात फिशटँक बनविणे, काच जोडणे, दिवे बसविणे ही कामे करणाऱ्या आमच्या बांधवांकडे आता वेगळे गिऱ्हाईकही येते. त्याला दोन गोल्डफिश आणि प्लॅस्टिकची झाडे नको असतात. दिवाणखान्यात चार-पाच फुटांची टाकी आणि तिच्यात खरी, वाढणारी झाडे हवी असतात. काम मोठे, मजुरीही बरी. पण नेमका दिव्याच्या बाबतीत आपण आपल्याच हाताने हा धंदा बुडवितो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

होते असे की, गिऱ्हाईक विचारते, ‘कुठला दिवा लावू?’ आणि दुकानदार सर्वांत झगझगीत व सर्वांत महाग पट्टी पुढे करतो. पंधरा दिवस टाकी झळाळते. मग काचेवर हिरवा थर, पानांच्या कडांना काळे केस आणि पाणी पालक उकडल्यासारखे. थोड्याच महिन्यांत टाकी रिकामी होऊन गॅलरीत जाते. ते गिऱ्हाईक तर परत येत नाहीच, शिवाय चार नातेवाइकांना ‘या फंदात पडू नका’ असे सांगते.

झाडाला प्रकाश, कार्बन डाय-ऑक्साइड आणि खत ही तिन्ही एकमेकांच्या प्रमाणात लागतात. उजेड वाढला की भूक वाढते. ती भागली नाही तर झाड खंगते आणि शेवाळ फोफावते. म्हणून जोरकस दिवा विकणे म्हणजे त्याबरोबर गॅसचा सिलिंडर, खत आणि दर आठवड्याला बरेचसे पाणी बदलण्याची जबाबदारी विकणे होय. 4 फूट लांब, 2 फूट रुंद व 2 फूट उंच टाकीत सुमारे 450 लिटर पाणी मावते. अर्धे बदलायचे तर आठवड्याला सव्वादोनशे लिटर! आपल्या शहराचे पाणी शहाड-टेमघरहून आणि एमआयडीसीकडून येते. पाणी वेळेवर आले नाही की सोसायटीत टँकर मागवावा लागतो. अशा ठिकाणी हा सौदा गिऱ्हाइकाला न सांगता करणे कितपत योग्य?

अल्लाहचे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आत ओल लागली. वरचे कोरडे धान्य दाखवून खालची ओल लपविणे त्यांनी फसवणूक ठरविले. ही हदीस आमच्या प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक आहे. कमी मापाबद्दल आपण सावध असतो. इथे माप जास्त दिले जाते आणि नुकसान तेच होते.

मग दिवा निवडावा कसा? वॅट पाहून नव्हे. लिटरला अर्धा वॅट हा हिशेब जुन्या ट्यूबलाइटच्या काळातला. एलईडी तेवढ्याच विजेत कितीतरी जास्त उजेड देते. तोच हिशेब आज लावला तर 450 लिटरच्या टाकीवर सव्वादोनशे वॅट बसतील आणि शेवाळाची शेतीच होईल. ल्यूमेनही पुरेसे नाहीत, कारण ते माणसाच्या डोळ्याचे माप आहे. झाडाच्या उपयोगी पडणाऱ्या प्रकाशाला ‘पार’ म्हणतात आणि तो तळाशी किती पोहोचतो हे महत्त्वाचे. अनुबियस, जावा फर्न, क्रिप्टोकोराइन यांना तळाशी 20 ते 40 मायक्रोमोल भरपूर झाले. गालिच्यासारख्या पसरणाऱ्या झाडांना 50 च्या वर लागतात, पण मग गॅस आलाच.

पार मीटर महाग असतो. चार दुकानदारांनी मिळून एक घ्यावा. तोपर्यंत रिकाम्या टाकीच्या तळाशी मोबाइलचा लक्समीटर ठेवावा. पांढऱ्या एलईडीखाली साधारण 70 लक्सला एक मायक्रोमोल धरला तर ढोबळ अंदाज येतो. दोन फूट रुंदीवर एकच प्रखर पट्टी लावली तर मधे ऊन आणि कडेला अंधार. त्याऐवजी मंद पट्ट्यांच्या दोन ओळी लावाव्यात. रंग 6500 केल्विनच्या आसपासचा, सोबत डिमर आणि टायमर. पहिला महिना सहा तास, नंतर फार तर आठ. डिमरवर कंजूषी करू नये, कारण अंदाज चुकला तर तोच वाचवितो.

ट्यूबचा साठा मात्र आता करू नये. मिनामाता कराराच्या 2023 च्या परिषदेत पाराच्या सरळ ट्यूबचे उत्पादन व आयात-निर्यात 2027 पर्यंत संपविण्याचे ठरले आहे.

आमच्या कारागिरांना इथे संधीही आहे. ॲल्युमिनियमच्या चॅनलवर पट्टी बसवून, ड्रायव्हर वेगळा ठेवून, मागणीप्रमाणे दिवा करून देता येतो. ड्रायव्हर गेला तर तेवढाच बदलतो आणि दुरुस्तीला गिऱ्हाईक आपल्याकडेच येते. आपल्याकडे खाडी आणि मिठागरांची खारी हवा आहे. टाके उघडे राहिले तर ते लवकर गंजतात, म्हणून जोड नीट बंद करावेत. ड्रायव्हर झाकणावर ठेवू नये. वायरला प्लगच्या खाली झोल द्यावा, म्हणजे थेंब सॉकेटमध्ये जाणार नाही. घरात ईएलसीबी नसेल तर आधी तो बसविण्यास सांगावे, मग दिवा द्यावा.

आणि टाकी भरून दिल्यावर महिन्याभराने एक फेरी मारावी. काचेवर हिरवा थर दिसला तर औषधाची बाटली विकण्याआधी डिमर खाली करून यावे.