मियाटा आणि कडक स्प्रिंगा

आमची १९९२ची माझदा मियाटा वळणावर डुलायला लागली तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, कडक स्प्रिंगा टाक!" टाकल्या. घोडचूक.

मंडळी, टप नसलेल्या गाडीचा सांगाडा मुळातच थोडा पिळतो, कारण वरून आधारच नाही. त्यात स्प्रिंगा कडक केल्या की खड्ड्याचा धक्का स्प्रिंगेत न जिरता सांगाड्यात जातो. डॅशबोर्ड खडखडतो, काचेची चौकट थरथरते, आणि चाक उसळून रस्ता सोडतं. मग पकड कुठून येणार?

खरं दुखणं वेगळंच होतं. इथे कॅलिफोर्नियात मोसमातल्या पहिल्या पावसात एका साध्या वळणावर गाडीची मागची बाजू सटकली. बायको शेजारीच होती. थोडक्यात वाचलो. घरी येऊन टायरवरचे चार आकडे वाचले, ३२०९. म्हणजे २००९ सालचा ३२वा आठवडा! नक्षी शाबूत, रबर मात्र दगड झालेलं. (गाडी जपून, कमी चालवली की असंच होतं.)

मग नवे टायर घेतले. चारही चाकांना डबल विशबोन, त्यामुळे रबरी बुश बरेच, आणि सगळे तीस वर्षांचे! तेही बदलले. अलाइनमेंट केली, मूळ स्प्रिंगा परत बसवल्या. आता स्टिअरिंग सांगेल तिकडे गाडी जाते. माझ्या मते जुन्या गाडीला आधी होती तशी करावी, सुधारणा नंतर.

भाचा आता टर्बोचं बोलतोय. बायको मात्र ढग दिसले की अजून या गाडीत बसत नाही.